काकींच्या घरातले आमचे हिवाळे

माझ्या लांब राहणाऱ्या नातवंडांनो,

मागच्या पत्रात तुम्ही दोघांनी मिळून एकच प्रश्न विचारला होता. आजोबा साताऱ्याचे, मग त्यांच्या म्हातारपणाच्या बहुतेक फोटोंमागे 'रत्नागिरी' का लिहिले आहे? तुमच्या बाबांनी 'आजीला विचारा' म्हणून सांगितले म्हणे. ठीक आहे. या गोष्टीत त्यांनीही पोटभर हातभार लावला होता, त्यामुळे ते गप्प बसले याचे मला नवल वाटत नाही. पुढच्या महिन्यात माझ्या डोळ्याचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात काळजीचे काही नाही. पण राहिलेली कामे आधी उरकून मग दवाखान्यात जावे असा माझा स्वभाव, म्हणून आज सकाळीच कागद घेऊन बसले.

आजोबा शाळाखात्यात डेप्युटी होते. तीस वर्षे गावोगावच्या शाळा तपासत घोड्यावरून, बैलगाडीतून फिरले आणि निवृत्त होताना दमा घेऊन घरी आले. साताऱ्याची थंडी त्यांना सोसेना. दिवाळी झाली की छाती भरायची, आणि मग माघ संपेपर्यंत माणूस उशांचा ढीग पाठीशी लावून बसल्या बसल्या झोपायचा. पेन्शनच्या दुसऱ्या वर्षी आमच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले की असे आणखी दोन-तीन हिवाळे निघणार नाहीत, समुद्रकाठी उबदार हवेत जा. तुमचे बाबा तेव्हा मुंबईला नोकरीत होते, त्यांनी बोलावले. पण दोन खोल्यांत मुलाच्या संसारात जाऊन खोकत बसायला आजोबा तयार नव्हते. शेवटी त्यांच्या हाताखाली काम केलेल्या एका शिक्षकाने रत्नागिरीहून कळवले की शिरगावच्या बाजूला खाडीजवळ एक घर आहे, मालकीण एकटी आहे, हिवाळ्यापुरते देईल.

हिवाळ्यापुरते घर भाड्याने घ्यायचे, हे तेव्हा कुणी ऐकलेले नव्हते. आमच्या आळीत चार दिवस तोच विषय होता. एक शेजारीण म्हणाली, रत्नागिरीची माणसे पोटासाठी गाव सोडून मुंबईला जातात, आणि तुम्ही पेन्शन घेऊन उलट्या दिशेने निघालात. आजोबा म्हणाले, गर्दी नसेल तिकडेच हवा जास्त.

कोल्हापूरपर्यंत आगगाडी आणि तिथून आंबा घाटाने सर्व्हिस मोटार, असे आम्ही गेलो. घर जांभ्या दगडाचे, कौलारू. पुढे ओटी, मागे पडवी, मध्ये काळोखे गार माजघर. परसातून उतरत गेले की नारळाची झाडे, त्यांच्याखाली खाडीला लागून मालकिणीचे भाताचे एक खाचर. मालकीणबाईंना सगळी वाडी काकी म्हणायची, म्हणून आम्हीही म्हणू लागलो, जरी त्या माझ्याहून फार तर दहा वर्षांनी मोठ्या असतील. मुलगा मुंबईला गिरणीत, मुलगी लांज्याला दिलेली. आम्हाला घर देऊन त्या आवारातल्याच मांगरात, म्हणजे शेतीची अवजारे ठेवायच्या झोपडीवजा खोलीत, राहायला गेल्या.

मला लेखी करार हवा होता. त्रिपुरी पौर्णिमेनंतर यायचे आणि शिमग्याच्या आठ दिवस आधी घर रिकामे करायचे, कारण शिमग्याला देवाची पालखी घरी येते आणि तेव्हा घरात घरचीच माणसे हवीत. आजोबांनी ते सगळे सुरेख अक्षरात लिहून दिले. काकींनी कागद दोन्ही हातांनी घेतला, देव्हाऱ्याखाली ठेवला आणि त्यावर हळदकुंकू वाहिले. वाचून घेण्याची गोष्ट त्यांनी काढली नाही, मग मीही काढली नाही.

नंतर मी घरातल्या वस्तूंची यादी करायला बसले. भांडी किती, पाट किती, दोर, कोयते, उखळ, मुसळ. काकी दारात उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, "बाई, कशाला लिवत बसता? घरात काय हाय ते तुमचंच समजा. विचारत नका बसू."

हे वाक्य मी मनात ठेवले. पुढे घोटाळा झाला तो त्यामुळेच.

पहिला हिवाळा कसा गेला ते सांगू? चौथ्या-पाचव्या दिवशी आजोबांनी स्वतःच्या हाताने दोन उशा काढून बाजूला ठेवल्या. महिन्याभरात ते एका उशीवर आडवे निजू लागले. सकाळी ओटीवर ऊन यायचे, ते तिथे वर्तमानपत्र घेऊन बसायचे. वर्तमानपत्र दोन दिवसांचे शिळे असायचे, पण ते म्हणत, बातम्या निवल्या की पचायला हलक्या. दहा वाजता खाडीच्या बांधावरून फेरी. परत येताना कुणाच्या तरी मुलाला वाटेत थांबवून पाढे विचारायचे. पोरांनी लवकरच दुसरी वाट शोधली. दुपारी काकी नारळाच्या झावळ्या विणायला अंगणात बसत आणि मी शिवण घेऊन त्यांच्याजवळ. त्यांचे बोलणे मला पहिले पंधरा दिवस निम्मेच कळायचे, सूर उंचावून शेवटी एकदम खाली येणारा. नंतर आमच्या घरातही तोच सूर शिरला.

त्या खाचराबद्दल त्यांनी मला त्याच दिवसांत सांगितले होते. भरतीचे पाणी कधी कधी बांध ओलांडून आत येते, जमीन खारी होते, आणि साधे भात त्यात उभे राहत नाही. त्या तिथे माहेरून आणलेले एक जाडे, तांबूस भात पेरत. वाडीतल्या इतरांनी आपापली खारी जमीन सोडून दिली होती. मी हे सगळे ऐकले, मान डोलावली, आणि ते बी त्या कुठे ठेवतात हे विचारले नाही.

दुसऱ्या हिवाळ्यात नाताळच्या सुटीत तुमचे बाबा आणि नवी नवरी, म्हणजे तुमची आई, दहा दिवसांसाठी आली. काकी त्याच सुमारास मुलीच्या बाळंतपणाला लांज्याला गेलेल्या. मुले येणार म्हणून मी स्वयंपाकघर लख्ख करायला घेतले. चुलीच्या बरोबर वर, आढ्याला, पेंढ्याची एक लहान मुडी टांगलेली होती. भात पेंढ्यात गुंडाळून गोल बांधले की त्याला तिकडे मुडी म्हणतात. पडवीत आणखी तीन मोठ्या होत्या, स्वच्छ. ही मात्र धुराने काळी कुळकुळीत. मागच्या हिवाळ्यापासून ती माझ्या डोळ्यांत सलत होती. खायचे भात असे काजळीत कोण ठेवतो? मी ती खाली काढवली. साताऱ्याहून आणलेल्या आमच्या कामाच्या बाईने ती उघडून त्यातले सगळे भात उखळात कांडले. ती ज्वारीच्या मुलखातली, मीही. दोघींनाही त्यात वावगे दिसले नाही. तांदूळ तांबूस निघाला आणि भात इतका गोड लागला की तुमच्या बाबांनी पहिल्याच दिवशी तीनदा घेतला. मी आढे घासून घेतले, बाजारातून चांगले पांढरे भात आणले, ते नव्या पेंढ्यात बांधून घेतले आणि त्याच जागी टांगले. वापरलेली वस्तू भरून ठेवावी, या नियमाने मी आयुष्यभर चालले आहे.

मुले गेल्यावर दोन दिवसांनी काकी आल्या. नात झाली म्हणून साखर घेऊन स्वयंपाकघरात आल्या, आणि वर बघून थांबल्या.

मी अभिमानाने सांगितले की जुनी मुडी काळी झाली होती, ती आम्ही वापरली आणि तिच्या जागी नवे भात ठेवले आहे.

काकी चुलीजवळच्या पाटावर बसल्या. "सगळं कांडलंत?"

"सगळं."

मग त्या म्हणाल्या, "बाई, ते बी व्हतं."

धुरात ठेवले की बियाला कीड लागत नाही, म्हणून ते चुलीवर टांगायचे. हे तिथल्या पाच वर्षांच्या पोरीलाही ठाऊक असते. म्हणूनच आम्हाला ते सांगायला हवे असे काकींच्या स्वप्नातही आले नव्हते. त्या साखरेची वाटी ठेवून मांगरात गेल्या आणि दुसऱ्या दिवशी झावळ्या विणायला अंगणात आल्या नाहीत.

आजोबांना मी सांगितले तेव्हा ते गंभीरपणे म्हणाले, "तीस वर्षे शाळा तपासल्या. खायचे भात आणि पेरायचे भात यांत फरक काय, हा प्रश्न मी एकदाही घातला नाही. घातला असता तर तू नापास झाली असतीस." मग हसू आवरून त्यांनी विचारले की पुढच्या वर्षी आपण कुठे जायचे. तो प्रश्न माझ्याही मनात होताच. हे घर गेले तर आम्हाला पुन्हा साताऱ्याची थंडी, आणि डॉक्टरांचे शब्द मी विसरले नव्हते. एखाद्याचे शेत खाऊन मग त्याच्याचकडे घर मागायला कोणत्या तोंडाने जायचे?

तिसऱ्या दिवशी मी मांगरात गेले आणि विचारले की ते बी आणखी कुठे मिळेल. काकी म्हणाल्या, मिळाले तर माहेरीच. माहेर राजापूरच्या बाजूला, नाटे गावाजवळ. पण भावाकडे त्यांनी लग्नानंतर कधी काही मागितले नव्हते, आणि आता म्हातारपणी मागायला जायची त्यांची इच्छा नव्हती. मी म्हणाले, तुम्ही मागू नका, मी मागते, तुम्ही फक्त घर दाखवा. यावर त्या पहिल्यांदा माझ्याकडे बघून थोडे हसल्या.

आम्ही दोघी बोटीने निघालो. रत्नागिरीच्या बंदरात पडावातून, म्हणजे लहान होडीतून, बोटीवर चढलो, जैतापूरच्या खाडीत उतरलो. बोट लागून मी अर्धमेली झाले होते. काकींनी मला आमसूल चोखायला दिले आणि किनाऱ्यावर उतरताना माझा हात धरला तो घर येईपर्यंत सोडला नाही.

भाऊ काकींपेक्षाही वयाने मोठे, दात पडलेले, जिभेचे तिखट. बहिणीला बघून त्यांचे डोळे भरले, पण तोंडाने म्हणाले, "वाट चुकलीस काय गो?"

काकींनी गूळपाणी होईपर्यंत दम धरला. मग जमिनीकडे बघत म्हणाल्या, "दादा, खाऱ्या भाताचं बी हवं व्हतं. माझं उंदरांनी खाल्लं."

"चुलीवरचं? उंदरांनी?" म्हातारा बहिणीकडे बघतच राहिला. "तुझ्याकडचे उंदीर उडतात काय?"

 मला परक्या घरात खाली बघायला लागू नये म्हणून काकी स्वतःच्या भावापुढे खोटे बोलत होत्या, निष्काळजी ठरत होत्या. मी उभी राहिले. "उंदीर नाहीत," मी म्हणाले. "मी खाल्लं. कांडून, शिजवून. माझ्या मुलानेही खाल्लं."

म्हाताऱ्याने मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिले. "शिकलेल्या हायत?" त्याने बहिणीला विचारले.

"इंग्रजी," काकी म्हणाल्या.

मग तो जो हसला! घरातली बायकामाणसे दारात जमली, त्यांना त्याने सगळे पुन्हा सांगितले आणि पुन्हा हसला. शेवटी डोळे पुसत त्याने मला विचारले, "भात कसा लागला?"

"फार गोड," मी खरे तेच सांगितले.

"मग वाया नाय गेलं," असे म्हणून त्याने सुनेला चुलीवरची मुडी काढायला सांगितले. त्यातले निम्मे बी आम्हाला दिले. बदल्यात काही घ्यायला तयार झाला नाही. त्यांच्याकडे बी विकत नाहीत, देणाऱ्याला पुढे कधी लागले तर तो परत मागून नेतो. निघताना बहिणीला म्हणाला की यायला तुला एवढे मोठे निमित्त लागले.

त्या वर्षी घर सोडताना मी काकींना विचारले की पुढच्या हिवाळ्यात आम्ही यावे का. त्या म्हणाल्या, "रोप येऊ दे. मग कळवते." यात राग नव्हता. बी बोटीचा प्रवास करून आलेले, त्याला ओल लागली की काय, याची त्यांना खरीच धास्ती होती. पण माझा ज्येष्ठ आणि आषाढ कसा गेला ते मलाच माहीत. आजोबा रोज टपालाच्या वेळी दारात जाऊन उभे राहत आणि मी बघते आहे असे दिसले की तुळशीला पाणी घालत. भर पावसात.

आषाढाच्या शेवटी कार्ड आले, गावच्या मास्तरांच्या हातचे. 'रोप चांगले आले. लावणी झाली. घर शाकारून ठेवते. साहेबांना घेऊन यावे.'

त्यानंतर आणखी सात हिवाळे आम्ही त्या घरात काढले. डॉक्टरांनी दोन-तीन सांगितले होते. काकींनी कधी तो विषय काढला नाही, फक्त दर वर्षी आम्ही पोचलो की चुलीवर बोट दाखवून गंभीरपणे म्हणत, "ते बी हाय हां, बाई." आणि आजोबा ओटीवरून म्हणत, "यादीत लिहून घे." सातव्या हिवाळ्यानंतरच्या पावसाळ्यात, साताऱ्याला, आजोबा गेले. उशी एकच होती. मी नंतर एकदाच तिकडे गेले, काकींना भेटायला. आम्ही दोघी ओटीवर बसलो, पण आजोबा बसायचे त्या जागेकडे बघवेना, म्हणून उठून खाडीवर गेलो.

काकी आता नाहीत. घराच्या जागी त्यांच्या मुलाने नवे घर बांधले आहे, ओटी नसलेले. बांध दोनदा फुटला आणि दोनदा बांधला. खाडीलगतच्या त्या खाचरात काकींची सून अजून तेच तांबूस भात पेरते.

तुमची आजी