सीटबेल्ट लावलेला रेडिओ

समोरचा माणूस बोलायचा थांबला की आमचे शेजारी आपल्या डाव्या कानाची पाळी चिमटीत धरून ओढायचे आणि म्हणायचे, "बोलत राहा ना जी, गप्प काहून झाले?" ऑफिसच्या मीटिंगमध्ये, लिफ्टमध्ये, कुणाच्या घरी जेवायला बसल्यावर, सगळीकडे हेच. ती पाळी बारा महिने लाल असायची. नव्या माणसाला वाटायचं, काय बोलघेवडा गृहस्थ आहे! पण तुम्ही नीट पाहिलं असतंत तर कळलं असतं, की ते स्वतः फारसं बोलतच नसत. त्यांना फक्त दुसरं कुणीतरी बोलत राहायला हवं असायचं.

कारण आवाज थांबला की त्यांना झोप लागायची. बसल्या जागी, डोळ्यादेखत. एकदा आमच्या घरी हातात चहाची बशी धरून ते झोपले होते आणि बशीतला चहा सांडला नव्हता. आम्ही खूप हसलो. तेही हसले. ते हसणं आता आठवलं की अंगावर येतं.

ओमानमध्ये, मस्कतच्या रुवी भागात आम्ही एकाच इमारतीत राहायचो आणि नोकरीही एकाच कंपनीत. मी ड्रॉइंग ऑफिसात, एसीच्या गारव्यात. ते इलेक्ट्रिकल इंजिनिअर, मूळचे नागपूरचे. जिन्यात भेटले की आधी "जयभीम" आणि मग दुसरं काही. आत वाळवंटातल्या पंपांची देखभाल त्यांच्याकडे होती. दर पंधरवड्याला निजवा, आदम ओलांडून हैमापर्यंत एकट्याने कंपनीची जीप हाकत जायचं आणि परत यायचं. आदम मागे पडलं की रस्ता सरळसोट. झाड नाही, घर नाही, वळण नाही. चांगल्या धडधाकट माणसाला तिथे पेंग येते, मग यांची काय कथा.

"डॉक्टरला दाखवा एकदा," मी म्हणायचो.

"दाखवतो ना. डॉक्टर लिहून देईल, याला गाडी देऊ नका. कंपनी म्हणेल, गाडी नाही तर साइट नाही, अन् साइट नाही तर याचा व्हिसा कायले पाहिजे? खलास! पोरगी इथल्या शाळेत आहे ना, भाऊ. तिनं कुठं जावं?"

व्हिसाची ही भीती परमुलखात नोकरीला आलेल्या आम्हा सगळ्यांनाच होती.

उपाय वहिनींनी शोधला होता. मुलीला आमच्या घरी ठेवून त्या त्यांच्याबरोबर गाडीत बसायच्या. कंपनीच्या गाडीत घरच्या माणसांना मनाई होती, पण ट्रान्सपोर्टचा मुदीर, म्हणजे त्या खात्याचा वयस्कर ओमानी मॅनेजर, तिकडे कानाडोळा करायचा. गाडीत बसून वहिनी काय करायच्या? भांडायच्या. पंधरवड्याची सगळी भांडणं त्या राखून ठेवायच्या. घरात ब्र काढायच्या नाहीत, आदम मागे पडलं की सुरू. लग्नात नणंदेने दिलेल्या साडीपासून ते काल आणलेल्या नासक्या टोमॅटोंपर्यंत. "भांडणात झोप येत नाही, ताई," असं त्यांनी माझ्या बायकोला समजावून सांगितलं होतं. "अन् मलाही बरं वाटते."

मग त्या गेल्या. साधा म्हणून अंगावर काढलेला ताप डोक्यात गेला आणि आठवड्याच्या आत सगळं संपलं. ते त्यांना नागपूरला घेऊन गेले आणि मुलीला घेऊन परत आले. लोक म्हणाले, मुलीला मावशीकडे ठेवायचं होतं. पण मुलगीच राहायला तयार नव्हती. इंग्रजी शाळेत वाढलेली अकरा-बारा वर्षांची पोर, मराठी अडखळत बोलणारी. तिने बापाकडून एकच कबूल करून घेतलं होतं. गाडी चालवताना झोपायचं नाही.

त्यानंतरच्या पहिल्या फेरीला मी रजा टाकून त्यांच्याबरोबर गेलो. निजव्यापर्यंत मी क्रिकेटवर बोललो, आदमपर्यंत ऑफिसातल्या कुचाळक्या केल्या. पुढे माझ्यापाशी बोलायला काही उरलं नाही. बायकोशी भांडणं वेगळं आणि शेजाऱ्याला रिझवणं वेगळं! मी गप्प झालो आणि थोड्या वेळाने चाकांखाली खडीचा आवाज आला. गाडी डांबर सोडून वाळूत उतरत होती आणि त्यांचे डोळे मिटलेले होते. मी ओरडलो. त्यांनी स्टिअरिंग ओढलं. आम्ही रस्त्याकडेला थांबलो.

"बोलायचं ना जी," ते एवढंच म्हणाले. रागाने नाही, काकुळतीने.

कॅसेट लावून उपयोग नव्हता. ऐकून ऐकून पाठ झालेलं गाणं म्हणजे त्यांना अंगाईच. मस्कतचं एफएम डोंगर ओलांडले की विरून जायचं. शॉर्टवेव्हवर नुसती खरखर. अशात रुवीच्या बाजारात सॅटेलाइट रेडिओ आला. थेट आकाशातून आवाज, वाळवंट असो की समुद्र. त्यांनी बातमी ऐकली आणि त्याच संध्याकाळी मला ओढत दुकानात नेलं.

रेडिओ निवडण्याची त्यांची तऱ्हा पाहून दुकानदार हैराण झाला. लोक आवाज ऐकतात, डबा उलटसुलट करून बघतात. हे स्टुलावर बसून डोळे मिटायचे. झोप लागली की चॅनल नापास. जुनी गाणी नापास. इंग्रजी बातम्या तर आधीच नापास. एक प्रवचन लागलं, त्यात ते घोरलेच. दुकानदार मला हळूच म्हणाला, "सर, इनकी तबियत ठीक है ना?" शेवटी कुठल्याशा हिंदी चॅनलवर दोन बायका लागल्या. डाळीला फोडणी आधी द्यायची की नंतर, यावर त्यांची जुंपली होती. हे डोळे मिटून बसले, बराच वेळ बसले. मग टक्क डोळे उघडून म्हणाले, "हे चालते. यांचं पटत नाही."

गाडीत बसवायचा सेट बाजारात नव्हता. "नेक्स्ट इयर, इन्शाल्ला," दुकानदार म्हणाला. पुढल्या वर्षापर्यंत कोण थांबणार? घरात ठेवायचा सेट घेतला. त्याला तळहाताएवढी चपटी तबकडी, ती पूर्वेला आकाशाकडे तोंड करून ठेवायची. मुदीरने गाडीच्या टपाला भोक पाडायला साफ नकार दिला. म्हणून शुक्रवारी इमारतीमागच्या पार्किंगमध्ये आम्ही पाच-सहा मराठी इंजिनिअर पाने आणि पट्ट्या घेऊन जमलो. आमच्या इमारतीच्या गच्चीवर टीव्हीच्या डिश कुणी लावल्या होत्या? आम्हीच. डिश लावणं म्हणजे काय, भारताच्या बाजूला रोखायची आणि नट आवळायचे. तसंच केलं. जीपच्या टपावरच्या कॅरियरला तबकडी पट्टीने जखडली, पूर्वेकडे रोखली आणि जीव खाऊन नट आवळले. वायर दाराच्या रबरातून आत घेतली. सेट खणखणीत बोलू लागला. टाळ्या झाल्या, बिर्याणी मागवली.

मग ते जीप घेऊन निघाले, गल्लीच्या टोकाला वळले आणि रेडिओ मुका झाला. एवढे इंजिनिअर, पण गाडी वळते हे एकालाही सुचलं नव्हतं! गच्ची वळत नाही ना.

ते मात्र रागावले नाहीत. हाताने सैल करता येईल असा नट त्यांनी स्वतः शोधून आणून बसवला. आदमनंतर रस्ता एकाच दिशेने जातो. जाताना तबकडी एका अंगाला फिरवायची, परतताना दुसऱ्या. गाडी थांबवून पायरीवर चढलं की हात टपाला पोचायचा. एवढं केलं की झालं, पुढे तासन्‌तास आवाज.

सेट ठेवला होता शेजारच्या सीटवर. घसरू नये म्हणून त्याला सीटबेल्ट लावायचे. पहिल्या दिवशी बेल्टची कडी लावताना त्यांनी ती दोनदा ओढून पाहिली. तिथे वहिनी बसायच्या. आमच्यापैकी कुणी त्यावर विनोद केला नाही.

त्या फेऱ्या नीट होऊ लागल्या. परत आले की जिन्यात गाठून मला सांगायचे, आज रेडिओवर दोन वकिलांची कशी जुंपली, कुठल्या सासूने सुनेचं काय काढलं. स्वयंपाकही थोडा सुधारला त्यांचा. मुलगी हसू लागली. वर्ष, दोन वर्षं गेली असतील. आम्हाला वाटलं, निभावलं.

फोन दुपारी ऑफिसात आला. मी आणि मुदीर त्याच्या गाडीने आदमकडे निघालो. वाटभर तो माळ ओढत होता आणि मी काचेबाहेर बघत होतो.

जीप रस्त्याच्या कडेला व्यवस्थित उभी होती, मस्कतकडे तोंड करून. डावी, म्हणजे तिकडे ड्रायव्हरची आणि रस्त्याकडची, बाजू चेपलेली. वाऱ्याने तबकडी सरकली असावी. आवाज गेला, तसे ते लगेच थांबले, उतरले आणि ड्रायव्हरच्या बाजूच्या पायरीवर चढले. तबकडी पूर्वेकडे बरोबर फिरली होती आणि नटही आवळलेला होता. त्यांचं काम झालं होतं, फक्त खाली उतरायचं राहिलं होतं. मागून आलेला ट्रक रस्ता सोडून जीपला घासत गेला. त्यांना शवागारात नेलं होतं, पण सीटवरचा सेट तसाच चालू होता. आत कुणीतरी हिंदीत वांगी कशी भरावीत ते सांगत होतं. मुदीरने हात आत घालून तो बंद केला.

पोलीस चौकीत ट्रकचा ड्रायव्हर भिंतीला टेकून जमिनीवर बसला होता. आपल्याच देशातला, पन्नाशीचा. पोलिसांनी विचारण्याआधीच तो सांगत होता, जो येईल त्याला सांगत होता. "आँख लग गई, साहब. बस एक मिनट आँख लग गई." त्याला फाडून खावं असं मला वाटायला हवं होतं. वाटेना. त्याच्या ट्रकमध्येही बोलायला कुणी नव्हतं.

रुवीला परतलो तोवर बातमी पोचलेली होती. त्यांच्या घरात माणसं भरली होती आणि जो तो एकच बोलत होता. डुलकी लागली असणार. होणारच होतं कधीतरी. किती वेळा सांगितलं, डॉक्टरला दाखव म्हणून. आपली पोर घरी असताना माणसाने असं करावं? वाईट मनाने कुणी बोलत नव्हतं, पण बोलत होते सगळे. मुलगी आतल्या खोलीत पलंगावर सरळ बसली होती. माझी बायको जवळ होती, पण मुलीने तिला हात लावू दिला नव्हता. सकाळच्या शाळेच्या युनिफॉर्ममध्येच होती, आणि रडली नव्हती.

मला पाहून ती उभी राहिली. "काका, tell me. बाबा झोपला होता?"

"नाही," मी म्हणालो.

"खरं सांगा. सगळे बोलतात."

"ते थांबले होते. गाडी बाजूला घेऊन, खाली उतरून रेडिओ नीट करत होते. झोप ट्रकवाल्याला लागली. तुझे बाबा जागे होते."

तिने माझ्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं. मी खोटं बोलतोय का ते ती बघत असावी. आयुष्यात मी पुष्कळ खोटं बोललो आहे, पण त्या वेळी बोलत नव्हतो आणि हे तिला कळावं म्हणून मी तिच्यासमोर तसाच उभा राहिलो.

मग ती मला ओलांडून बाहेरच्या खोलीत गेली. तिथे पाय ठेवायला जागा नव्हती. ती मधोमध उभी राहिली आणि कुणाकडेही न पाहता मोठ्याने म्हणाली, "माझे बाबा जागे होते. झोपले नाही. सगळ्यांनी ऐकलं?"

कुणीतरी मान खाली घातली. आणि तेव्हा, त्या सगळ्यांच्या देखत, ती रडू लागली.