कुठंय सरांचं मन

कुठंय सरांसमोर ‘माझं मन लागत नाही’ असं म्हणायची सोय नव्हती. ते लगेच उजवा तळहात पुढं करायचे आणि म्हणायचे, “काढ. ठेव इथं. बघू तरी केवढं आहे.” समोरचा गांगरून हसायचा. सर हसायचे नाहीत. हात तसाच धरून विचारायचे, “कुठंय?” जळगावच्या आमच्या कॉलेजात त्यांना आडनावानं ओळखणारे थोडेच होते. बाकी सगळ्यांचे ते कुठंय सर.

गंमत म्हणजे ते शिकवायचे मानसशास्त्र. मन नाही म्हणणारा मानसशास्त्राचा मास्तर म्हणजे दूध नसलेली डेअरी, असं स्टाफरूममध्ये कुणीतरी म्हणालं. सर म्हणाले, “डेअरीत दूध कधी असतं? पिशव्या असतात.” हे वाक्य पुढे आठवडाभर मी जळगावात जिथं तिथं वापरलं, डेअरीतसुद्धा. त्या दिवसापासून आमच्या डेअरीवाल्यानं मला सुटे पैसे द्यायचं बंद केलं.

त्यांचा सिद्धान्त त्यांनी आम्हाला बाजारावरून समजावला होता. “शनिवारचा बाजार उठला की बाजार कुठं जातो रे? भाजी पिशवीत जाते, पैसा खिशात जातो, कांदेवाला गावी जातो. बाजार कुठं जातो? बाजार नावाची वेगळी वस्तू नव्हतीच. मन तसंच. भूक, भीती, आठवण, सवय. ही मंडळी एकत्र जमली की आपण त्याला मन म्हणतो.” मी पहिल्या बाकावर होतो. मागच्या बाकांवर जागा नव्हती म्हणून होतो, पण त्या तासानंतर मी तिथून उठलो नाही. एकोणिसाव्या वर्षी माणसाला आपल्याकडे नसलेली एक वस्तू दुसऱ्याकडेही नाही हे कळलं की केवढा आधार वाटतो.

मी डाळमिलवाल्यांच्या घरातला. पणजोबा राजस्थानातून आले. आता आमच्या घरात मारवाडी फक्त आजी रागावली की निघते, आणि अहिराणी गिऱ्हाईक रागावलं की. माझे वडील बाबूजी फार कमी बोलणारे. त्यामुळे सरांच्या बोलण्याचं मला वेड लागलं. मी त्यांची हुबेहूब नक्कल करू लागलो आणि नक्कल करता करता त्यांचा शिष्य झालो.

शिष्यपणाचे परिणाम लवकर दिसले. धुळ्याला मुलगी बघायला गेलो तेव्हा तिला विचारण्यात आलं, मुलगा कसा वाटतो. ती म्हणाली, “माझं मन अजून तयार नाही.” झालं. माझा तळहात आपोआप पुढं गेला. मी ‘काढ, ठेव इथं’ म्हणणार, तेवढ्यात तिच्या काकांना वाटलं की मुलगा शगुन मागतोय. त्यांनी घाईघाईनं माझ्या हातावर नारळ आणि पाकीट ठेवलं. बायकांनी पेढे वाटले. असं माझं रेखाशी लग्न ठरलं. रेखा अजून म्हणते, “तुमच्या सरांच्या तत्त्वज्ञानाचा एकच फायदा झाला, आणि तोही तुम्हालाच.”

कॉलेज संपलं तरी सर सुटले नाहीत. थंडीत कुणाच्या तरी शेतात भरीत पार्टी व्हायची. तुरीच्या काड्यांवर वांगी भाजली जायची, हिरव्या मिरचीचा ठसका शेजारच्या शेतापर्यंत जायचा, आणि सर वांग्याच्या सालीकडे बोट दाखवून आत्म्यावर बोलायचे. सगळ्यांत आधी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी ते मला वाढायचे. नवीन कुणी आलं की माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगायचे, “हा माझा मुलगा. पोटचा पुण्याला असतो. हा डोक्यातला.”

डोक्यातला मुलगा. मी ते घरी चार वेळा सांगितलं. बाबूजी डाळ निवडत होते. म्हणाले, “डोक्यात जागा असेल त्यांच्या.”

त्यानंतरच्या दिवाळीला मी माती खाल्ली. आमच्याकडे लक्ष्मीपूजनाला डाळमिलच्या गादीवर बाबूजींच्या उजव्या हाताला थोरल्या मुलानं बसायचं, ही रीत. मी बसलो, आणि बसल्याबसल्या सुरू झालो. ही सगळी सवय आहे बाबूजी. श्रद्धा म्हणता, ती कुठंय, दाखवा. पुढं केलेला तळहातही होताच. गादीसमोर मुनीम, हमाल, दोन गिऱ्हाइकं, हातात निरांजन घेतलेली आई. बाबूजींनी माझ्या तळहाताकडे बघितलं. मग अगदी हळू म्हणाले, “त्या मास्तरच्या घरी पूजेला बस जा.” मी ताडकन उठलो. मला वाटलं, मी सत्यासाठी उठलो. धाकटा भाऊ कमलेश माझ्या जागी सरकला.

तिथून थेट सरांकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चहा करायला लावला आणि म्हणाले, “शाबास. काळजी करू नकोस. तुझी जागा माझ्याकडे आहे.” मी त्या वाक्यावर वेगळा धंदा काढला. ठिबकचे पाइप, फिटिंग, फिल्टर. बाबूजींशी बोलणं लग्नकार्यापुरतं राहिलं. रेखा एकदा सहज म्हणाली, “सर तुम्हाला मुलगा म्हणतात, मग सणाला कधी बोलवत कसे नाहीत?” मी म्हणालो, “ते सण मानत नाहीत.” ती म्हणाली, “हं.” या ‘हं’चा अर्थ मी तेव्हा विचारला नाही.

आणि मग एका श्रावणात सरांचा फोन आला. शिंदखेड्याजवळच्या त्यांच्या गावी कानबाई बसणार होती. थोरल्या भावानं, आबांनी, निरोप धाडला होता की यंदा यायचंच. कानबाई म्हणजे आमच्या खान्देशातली घरची देवी. नागपंचमीनंतरच्या रविवारी गावोगाव पांगलेली भावकी एका घरात जमते, रोट म्हणजे देवीचा नैवेद्य करते, आणि सोमवारी देवीला नदीवर पोचवते. सर म्हणाले, “तू चल बरोबर. गाडी काढ.” मला जे ऐकू आलं ते एवढंच, की सर मला त्यांच्या घरी सणाला नेताहेत. मी नवा झब्बा घातला. रेखानं विचारलं, “सण मानत नाहीत ना?” मी म्हणालो, “अभ्यासाला जातोय.”

घर माणसांनी भरलं होतं. जळगावात घासूनपुसून प्रमाण मराठी बोलणारे सर उंबरा ओलांडताच अहिराणीत शिरले, जळगावचं ‘जयगाव’ झालं, आणि मी चकित झालो. आबा म्हणजे धोतर, पांढऱ्या मिशा आणि सगळ्यांना बसवून ठेवणारा आवाज. “बठ्ठा बसनात का रे?” त्यांनी विचारलं आणि बठ्ठे, म्हणजे झाडून सगळे, बसले. मीही सरांच्या उजवीकडे बसलो. अंगवळणी पडलेलं होतं.

मधे गव्हानं भरलेलं सूप होतं. घरात जेवढे पुरुष, तेवढ्यांच्या नावानं सव्वा-सव्वा मूठ गहू निघायचे. ते दळून त्याचा रोट. ज्याची मूठ त्यानं काढायची, जो हजर नाही त्याची बापानं. आबांनी काढली, त्यांच्या मुलांनी काढली, एका तान्ह्याची मूठ त्याचा हात धरून काढली आणि बायका कौतुकानं हसल्या. सूप सरांपुढं आलं. मन नाही म्हणणाऱ्या सरांनी आधी डोळे मिटले. मग आपली मूठ काढली. मग पुण्याच्या मुलाची, जो कितीतरी वर्षांत या गावी फिरकला नव्हता.

मग माझी पाळी आली, असं मला वाटलं.

मी बाही वर केली आणि हात गव्हात घातला. चांगला मनगटापर्यंत. गहू थंडगार होते. मूठ आवळली तेव्हा लक्षात आलं की सगळे गप्प झालेत. ते तान्हंसुद्धा.

“हाऊ कोन शे?” आबांनी विचारलं. मला नाही, सरांना.

मी सरांकडे बघितलं. मला त्यांच्याकडून मोठं काही नको होतं. ‘माझा मुलगाच समजा’ एवढं म्हणाले असते आणि आबांनी नाही म्हटलं असतं, तर मी हसत हात काढला असता. रोट भावकीच्या बाहेर देत नाहीत हे जळगावात जन्मलेल्या मला काय माहीत नव्हतं? माहीत होतं. फक्त मी बाहेरचा आहे हे माहीत नव्हतं.

सर सुपाकडे बघत म्हणाले, “गाडीवाला शे, आबा. जयगावहून आना.”

आबांचा आवाज मऊ झाला. मी बाहेरगावचा साधा माणूस, चुकून हात घातला, असं त्यांनी धरलं. “भाऊ, हात काढ. बाहेरना माणूसले हाई चालत नही. तू जरा ओटावर बस, तुले जेवाले देतस.” मी मूठ उघडली. गहू परत सुपात पडले. दोन दाणे बोटांना चिकटले होते ते झटकावेत की ठेवावेत, कळेना. सगळ्यांसमोर मी ते एक-एक करून परत ठेवले. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात काळजीपूर्वक केलेलं काम ते.

ओट्यावर बसून मी शास्त्रीय पद्धतीनं तपासणी केली. वाईट वाटतंय, ते नेमकं कुठं? छातीत बघितलं, पोटात बघितलं, डोक्यात बघितलं. ते उजव्या हातात होतं. तो हात कुठं ठेवावा हेच कळत नव्हतं. मांडीवर ठेवला, खिशात घातला, शेवटी पाठीमागे टेकला. शिकवणाऱ्यानं एवढी वर्षं ज्याला नाही म्हटलं, ते एका वाक्यात त्यानंच सिद्ध करून दिलं होतं, आणि दाद द्यायला वर्गात दुसरं कुणी नव्हतं.

दुपारी घरातल्या एक अक्का ताट घेऊन आल्या. पुरणपोळी, खीर, गवारीची भाजी. बाहेरच्यांसाठी वेगळं केलेलं. मी जेवेपर्यंत त्या समोर बसल्या. फार प्रेमळ बाई.

“पोटभर जेव रे भाऊ. जयगाव दूर शे. गाडी तुनी शे का मालकनी?”

“माझीच आहे अक्का.”

“भाडं काय लेस?”

मी भाडं सांगितलं. काय करणार, तोंडात पुरणपोळी होती. त्यांना ते महाग वाटलं. “मास्तर मोठा माणूस शे, त्यान्हाकडथीन कमी ले,” असं त्यांनी मला समजावलं. मी बरं म्हणालो. आतून सरांच्या हसण्याचा आवाज आला. असं मोकळं हसताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

सोमवारी देवी नदीवर पोचवून झाली आणि आम्ही निघालो. आबा निरोप द्यायला गाडीपर्यंत आले. सरांनी क्षणभर पुढच्या दाराला हात लावला, आबांकडे बघितलं आणि मागचं दार उघडून मागे बसले. गाडीवाल्याच्या शेजारी बसायचं नसतं, एवढं भान त्यांना राहिलं.

बेटावद मागं पडलं तेव्हा ते म्हणाले, “गाडी थांबव जरा. पुढं येतो.”

“राहू द्या सर. भाडं मागच्या सीटचं झालंय.”

मग ते म्हणाले, “आबांसमोर मला बोलता येत नाही रे. लहानपणापासून येत नाही. ते सूप समोर आलं आणि वाटलं, मी काही वेगळं बोललो तर आई काय म्हणेल.”

त्यांची आई मी कॉलेजात असतानाच गेली होती.

“कशानं वाटलं सर?”

हात स्टिअरिंगवर होते म्हणून, नाहीतर तळहात मागे केला असता. मी आरशात बघितलं. ते खिडकीतून कपाशीची शेतं बघत होते, पहिल्यांदाच बघितल्यासारखी.

“मी बाबूजींसमोरून उठलो ते तुमच्या शब्दावर,” मी म्हणालो.

“मी ऊठ म्हटलं नव्हतं. मी फक्त प्रश्न विचारायला शिकवलं.”

“तुझी जागा माझ्याकडे आहे, हे तुम्हीच म्हणालात.”

“विचारातली जागा म्हणत होतो मी.”

सर मला ‘गाडीवाला’ म्हणाले त्यापेक्षा हे मला जास्त लागलं. आबांसमोर ते घाबरले होते, घाबरलेल्या माणसावर किती रागावणार. पण गाडीत आम्ही दोघंच होतो. इथं आबा नव्हते. इथं ते पूर्ण शुद्धीत, पूर्ण शुद्ध मराठीत, मला दुसऱ्यांदा बाहेर बसवत होते. त्यांच्या घराशी गाडी थांबवली. ते उतरले, खिडकीशी आले, खिशात हात घातला. तो कशासाठी घातला हे बघायला मी थांबलो नाही.

त्या दिवाळीला मी डाळमिलमध्ये गेलो. लक्ष्मीपूजनाच्या ऐन वेळी, झब्बा घालून. बाबूजींनी मान वर करून बघितलं. त्यांना बरं वाटलं असावं, कारण ते स्वतः उठले. कमलेश त्यांच्या उजव्या हाताला बसला होता, त्याच्या मांडीवर त्याचा मुलगा. बाबूजींनी माझ्यासाठी खुर्ची मागवली, गिऱ्हाइकांसाठी मागवतात ती. मी खुर्चीवर बसलो. प्रसाद मला सगळ्यांच्या आधी दिला, चांदीच्या वाटीत. पाहुण्याला देतात तसा.

सर आता पुण्याला मुलाकडे राहतात. जाताना भेटायला येऊन गेले, मी दुकानात नव्हतो. म्हणजे होतो, गोदामात. रेखानं त्यांना चहा दिला. ते बराच वेळ बसले, माझ्या मुलाला विचारलं, कितवीत आहेस, आणि गेले. कधी रविवारी, कधी सणाला त्यांचा फोन येतो. स्क्रीनवर नाव दिसतं. मी उचलत नाही. फोन दुकानाच्या काउंटरवर गोल फिरत वाजत राहतो आणि मी फिटिंगचे बॉक्स लावत राहतो. रेखा बघते. मग वाजायचं थांबतं. आणि दर वेळी त्याच क्षणी मला राग येतो, की यांनी अजून थोडा वेळ वाजू द्यायला काय हरकत होती.