कानडीतला आकडा

आज कॉलेजच्या तपासणीसाठी लेकीचं रक्त घेतलं. स्पिरिटचा वास आला आणि मी लातूरच्या त्या वॉर्डात पोचलो. तेव्हा ती नऊ वर्षांची होती, रक्ताचा कॅन्सर. बायकोचं माहेर कर्नाटकाच्या सीमेजवळच्या उदगीरचं, तिथं घरात कानडी; मीही ती शिकलो होतो, म्हणून लेकीला कळू नये असं सगळं आम्ही कानडीत बोलायचो.

"पांढऱ्या पेशी आठशेच," रिपोर्टमधला आकडा वहीत लिहिता लिहिता मी बायकोला कानडीत पुटपुटलो. निदान चार हजार तरी हव्या होत्या.

लेक डोळे मिटूनच म्हणाली, "पप्पा, सुट्टीत आजीकडं मी काय नुसती झोपून राहत होते का? आठशे कळतंय मला. उद्यापासून वहीत मीच लिहिणार."

तेव्हापासून आम्ही तिच्यापासून काही लपवलं नाही. वही तिनंच भरली.

आजचा पांढऱ्या पेशींचा आकडा सात हजार दोनशे, अगदी नॉर्मल. तिनं तो फोनवर आईला कानडीत ओरडून सांगितला.