आमच्या कॉफी मशीनचा माणूस

मशीन बंद पडलं की तो आधी दोन्ही हात पँटच्या मागच्या बाजूला पुसायचा. मग उकिडवा बसून मशीनला कान लावायचा आणि थोड्या वेळानं मान वर करून म्हणायचा, "आता समजलं."

त्याला काहीही समजलेलं नसायचं. हे मला आणि निखिलला पहिल्या महिन्यातच कळून चुकलं होतं. "आता समजलं" म्हटल्यावर तो मशीन उघडायचा, नळ्या सोडवायचा, परत जोडायचा आणि मशीन त्याच जागी, तसाच आवाज करून परत बंद पडायचं. मग पुन्हा हात पुसणं, पुन्हा कान, पुन्हा तेच दोन शब्द. तुमच्याही ऑफिसात किंवा शेजारपाजारी असा एखादा असेल. त्याच्यावर धड चिडता येत नाही आणि न चिडता राहवतही नाही.

आमचं इंजिनिअरिंग कॉलेज शहापूरहून मुरबाडला जाणाऱ्या रस्त्यावर. मी शहापूरची, निखिल कल्याणचा आणि हा टोकावड्याच्या पुढच्या, डोंगराखालच्या एका गावातला. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी आम्हा तिघांचा ग्रुप पडला. बाकीच्यांनी भात वाळवायचं यंत्र, सोलर पंप असले विषय घेतले होते. कॉफी मशीनचं खूळ त्याचं. त्याच्या मामांचा माळशेजच्या रस्त्यावर ढाबा होता. पावसाळ्यात घाटात फिरायला येणारे लोक तिथं थांबून कॉफी मागायचे. मामा चहाच्याच टोपात पुडी फोडून ढवळायचे आणि लोक एक घोट घेऊन कप तसाच ठेवून जायचे. गावातल्या कमीजास्त होणाऱ्या विजेवर चालेल असं छोटं, स्वस्त मशीन करायचं, असा त्याचा बेत होता.

आमचे गाइड सर खूश झाले. "तू स्वतः कॉफी पितोस का?" त्यांनी विचारलं.

"नाय सर. आमच्यात कोरा चहा."

"मग चांगली झाली की वाईट, कसं कळणार तुला?"

"पिऊन पिऊन कळंल," तो म्हणाला.

आणि तो खरंच प्यायला. चाचणीत निघालेला प्रत्येक कप कुणीतरी चाखायलाच हवा होता. निखिलला पित्ताचा त्रास आणि मला तो जळका वास नको व्हायचा. त्यामुळे करपलेली, पाणचट, कोमट, रबराच्या वासाची, सगळी कॉफी त्याच्या पोटात गेली. डोळे मिटून, औषध घ्यावं तसा तो कप संपवायचा. रात्री त्याला झोप लागेना. त्याच्या आईनं एकदा विचारलं म्हणे, "तुला कालेजात शिकवतात का काय पाजतात रे?"

पहिली मोठी चाचणी वर्कशॉपमध्ये झाली. पाणी तापवायचं भांडं होतं, त्यातलं गरम पाणी ओढायला एक छोटा पंप आणि कॉफी सोडायला विजेवर उघडणारी झडप. सर्किट माझं, भांडं आणि नळ्या त्याच्या, रिपोर्ट निखिलचा. पाणी उकळलं, पंप घरघरला आणि काहीच आलं नाही. सर जवळ येऊन वाकले. त्याच क्षणी नळी सुटली आणि सरांचा पांढरा शर्ट खांद्यापासून खिशापर्यंत तपकिरी झाला.

"प्रोजेक्ट आहे की रंगपंचमी?" सर म्हणाले.

तो हात पुसत होता. मला पुढचे शब्द माहीत होते. "आता समजलं सर," तो म्हणाला. सर शर्ट धुवायला गेले.

दिवाळी गेली, संक्रांत गेली. दुसऱ्या ग्रुपचे भात वाळवणारे भात वाळवून मोकळे झाले आणि आम्ही अजून पंपाशीच अडलो होतो. थंड पाण्यावर तो पंप उत्तम चालायचा. पाणी तापलं की नुसताच घरघरायचा. आम्ही पंप बदलला, नळी बदलली, भांडं बदललं. मशीनच्या प्रत्येक भागाचा मला राग यायला लागला होता. घरी वडील विचारायचे, "झालं का तुमचं कॉफीचं?" मी ताटावरून उठायची.

मग त्याच्या मनात आलं की मशीन ढाब्यावर नेऊन बघू. "कालेजात लाइट चांगली असते, तिथं खरं कळणार नाय," तो म्हणाला. रविवारी आम्ही ते खोक्यात घालून एसटीनं टोकावड्याला नेलं. मांडीवर खोकं, खोक्यावर त्याचा हात. कंडक्टरनं विचारलं, "काय आहे यात?" तर म्हणाला, "कॉफी." कंडक्टर दुसऱ्या सीटकडे वळला.

मामांनी गल्ल्याशेजारी जागा करून दिली. पर्यटकांची एक गाडी थांबली होती. बायकामुलं कौतुकानं मशीनभोवती उभी राहिली. मी बटण दाबलं. तेवढ्यात गावात कुठंतरी मोटर सुरू झाली असावी, कारण दिवे मंद झाले आणि माझ्या सर्किटमधला वीज चालू-बंद करणारा रिले टकटक टकटक वाजायला लागला. बोर्ड बंद झाला, परत सुरू झाला, परत बंद. झडप उघडीच राहिली आणि पंप नुसताच घरघरत असताना भांड्यातलं सगळं आपोआप खाली उतरलं. कप भरला, बशी भरली, कॉफी गल्ल्यावरून खाली मामांच्या चपलेत गेली.

मामा शांत माणूस. त्यांनी चपला काढून बाजूला ठेवल्या आणि पर्यटकांना विचारलं, "चहा ठेवू का?"

त्यानं मशीन उचलून बाजेवर ठेवलं, स्क्रू सोडवले, आत डोकावला आणि म्हणाला, "आता..."

"बोलू नकोस," मी म्हणाले. "तुला काय समजलं ते सांग. आजवर एकदा तरी काही समजलंय का तुला?"

निखिलनं माझ्या दंडाला हात लावला. मी तो झटकला. "सहा जणांसमोर आपली शोभा झाली. माझं सर्किट गेलं, तुझा पंप चालत नाही, आणि तू रोज म्हणतोस समजलं. काय समजलं?"

त्यानं स्क्रू ड्रायव्हर बाजेवर ठेवला. मग खाली बघून म्हणाला, "काय नाय समजलं गो. पण मी तसं बोललो नाय, तर तुमी दोघं घरी जाल."

मामांनी आमच्यासमोर चहा आणून ठेवला. परतीच्या एसटीत खोकं मी मांडीवर घेतलं.

पुढच्या आठवड्यात त्याला खरंच समजलं. या वेळी तो ते शब्द बोललाच नाही. वर्कशॉपमध्ये येऊन त्यानं पंप भांड्याच्या पुढून काढला आणि मागे बसवला, म्हणजे पंपाला गरम पाण्याशी कामच नाही. त्यानं थंड पाणी ढकलायचं, ते भांड्यात जाऊन तापायचं आणि मागच्या रेट्यानं तापलेलं पुढं निघायचं. उकळत्या पाण्याची वाफ पंपात अडकत होती, एवढीच भानगड होती. मी झडप बदलून घेतली, वीज गेली की आपोआप बंद होणारी. पहिला धड कप निघाला तेव्हा निखिल तो स्वतः प्यायला, पित्त विसरून.

आणि त्याच आठवड्यात मामांच्या या भाच्याचा एक जुना निकाल लागला.

दुसऱ्या वर्षाच्या गणिताचा एक पेपर त्याचा राहिलेला होता. तो त्यानं पुन्हा दिला होता, पेपर परत तपासायलाही टाकला होता. तो निकाल येईपर्यंत त्याला शेवटच्या सेमिस्टरला बसू दिलं होतं. आम्हाला हे माहीत होतं, पण तो इतक्या सहज "निघंल" म्हणायचा की आम्ही ते मनावर घेतलंच नव्हतं. पेपर निघाला नाही. नियमाप्रमाणे त्याचं वर्ष गेलं.

त्यानं आम्हाला सांगितलं नाही. तो रोज येत होता, नळ्या घट्ट करत होता. आम्हाला सरांकडून कळलं. मी त्याला ओढतच ऑफिसात घेऊन गेले. क्लार्कबाई भल्या होत्या, पण करणार काय. "परीक्षेला नाव जाणार नाही बाळा. पुढच्या वर्षी ये." मी म्हणाले, मशीन यानंच केलंय. त्या म्हणाल्या, "मशीनला पास करायचं असतं तर केलं असतं गं."

बाहेर आल्यावर मी त्याला विचारलं, "अभ्यास का नाही केलास? संध्याकाळी कॉफी पीत बसायचास त्यापेक्षा?"

"केला होता," तो म्हणाला. "पुस्तक उघडलं का मशीनच दिसायचं."

राग नक्की कुणाचा करायचा तेच मला कळत नव्हतं. त्याचा, गणिताचा, नियमाचा की मीच होकार दिलेल्या त्या विषयाचा.

वर्ष गेलेल्या मुलाला कॉलेजात यायचं कारण नव्हतं. तरी तो येत राहिला. गेटवरचा वॉचमन ओळखपत्र मागायचा. हा म्हणायचा, "कॉफी मशीनचा माणूस हाय." वॉचमनला वाटलं, कंपनीकडून दुरुस्तीला येतो. त्यानं पुढं विचारलंच नाही.

परीक्षेच्या दिवशी बाहेरून आलेल्या परीक्षकांसमोर मशीन चाललं. वीज मुद्दाम कमी करून दाखवली, तरीही चाललं. परीक्षकांनी कप संपवला आणि विचारलं, "पंप मागे घ्यायची कल्पना कुणाची?" मी त्याचं नाव घेतलं. त्यांनी समोरच्या कागदावरून बोट फिरवलं. "असं कुणी दिसत नाही."

"आहे सर," निखिल म्हणाला. "बाहेर बसलाय."

परीक्षकांनी सरांकडे पाहिलं. सर खिडकीबाहेर बघत होते. परीक्षकांनी मान हलवली आणि पुढच्या ग्रुपकडे गेले. मी एक कप भरून बाहेर नेला. तो सायकल स्टँडच्या कट्ट्यावर बसला होता, खिशात नळीला लावायचं जास्तीचं वायसर घेऊन, लागलंच तर म्हणून. त्यानं कॉफी घेतली, नेहमीसारखी डोळे मिटून संपवली आणि म्हणाला, "साखर कमी हाय." त्यावर मी रडले आणि तो घाबरून इकडेतिकडे बघायला लागला.

इथंच संपलं असतं तरी चाललं असतं. पुढच्या वर्षी त्यानं गणित सोडवलं आणि शेवटच्या वर्षाला परत बसला. नवीन ग्रुप, नवीन मुलं. त्यानं कॉफी मशीनच पुढं न्यायचं म्हणून अर्ज केला. त्याला सांगण्यात आलं की हा विषय आधीच्या बॅचनं केलेला आहे, नक्कल चालणार नाही.

हे त्यानं मला फोनवर सांगितलं, जरा हसतच. मी तेव्हा ऐरोलीत नोकरीला लागले होते. कॅन्टीनच्या दारात उभी राहून मी इतकी चिडले की सोबतच्या मुली बघायला लागल्या. "तू बोलला नाहीस काही? तुझंच मशीन, आणि तुलाच नक्कल म्हणतात?"

"बोललो गो. पण कागदावर तुमची नावं हायेत ना. जाऊ दे." मग म्हणाला, "भेंडी निवडायचं मशीन करतो आता. भेंडी खायला तरी येते."

तो पास झाला आणि चाकणला एका कारखान्यात लागला. शिफ्टमुळे फोन कमी होत गेले. आता सणाला मेसेज येतो तेवढाच.

गेल्या श्रावणात ऑफिसातल्या लोकांबरोबर माळशेजला जायचा योग आला. मी गाडी मामांच्या ढाब्यावर थांबवायला लावली. मामा थकले आहेत, पण मला ओळखलं. गल्ल्याशेजारी एक मशीन होतं. आमचं नव्हे, आमचं कॉलेजच्या कपाटात पडून आहे. हे त्यानं चाकणला जायच्या आधी घरी बसून मामांसाठी नव्यानं केलं होतं. पत्रा नीट वाकवलेला, कोपरे घासलेले, बटणावर ऑइलपेंटनं "कॉफी" लिहिलेलं.

"तो नाय येत आता?" मी विचारलं. त्याच्याशी बोलून बोलून माझ्या तोंडात त्याचीच भाषा बसली होती.

"गणपतीला येतो. मशीन उघडतो, पुसतो, जातो," मामा म्हणाले. "बंद मात्र पडत नाय."

तेवढ्यात एक टेम्पोवाला आत आला, अंगावर रेनकोट, घाईत. त्यानं कॉफी मागितली. बाहेर दिवे मंद झाले, परत लागले. मशीन चालू राहिलं. कॉफी कपाच्या काठाखाली येऊन बरोबर थांबली. टेम्पोवाल्यानं उभ्याउभ्या एक घोट घेतला, मोबाइलवर कुणाला तरी पत्ता विचारला, दुसरा घोट घेतला, कप रिकामा करून ठेवला आणि घाटाच्या दिशेनं निघून गेला. मशीनकडे त्यानं एकदाही पाहिलं नाही.