मार्थाचा आवाज कुणी बंद केला?

गेल्या वर्षी आमच्या मंडळीत 'एकमेकांना उत्तेजन द्या' असा एक महिना पाळला गेला, आणि त्या महिन्यात मी चर्चचा पेटीवादक घरी बसवला, एका म्हाताऱ्या बाईला रडवलं आणि निम्म्या मंडळीची झोप उडवली. हे सगळं उत्तेजनासाठीच हं!

मी सुधाकर साळवे. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. सव्वीस वर्षं यंत्रमागांच्या खडखडाटात बोलून माझा आवाज असा झालाय, की मी घरात "मीठ वाढ" म्हटलं तरी शेजारीण दचकून मिठाचा डबा काढते. रागाचं म्हणाल तर मला राग येत नाही, तो असतोच! (हे बायकोचं वाक्य. मला पटलेलं नाही, आणि पटलेलं नाही हे मी तिला ओरडून सांगितलंय.)

आमचे पाळकसाहेब तरुण आणि हसरे. उत्साह तर असा, की बाटली हलवून सोडा उघडावा! त्यांनी उपदेशात सांगितलं, की ख्रिस्ती माणसानं दुसऱ्याला हात देऊन उठवायचं असतं, आपण मात्र तो पडला कसा याचीच चर्चा करत बसतो. मग त्यांनी सगळ्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या टाकल्या. ज्याचं नाव निघेल त्याला महिनाभर उत्तेजन द्यायचं. मी चिठ्ठी उघडली. मार्था साळवे. माझीच बायको!

"साहेब, ही बदलून द्या की," मी म्हणालो. "हिला कसलं उत्तेजन? दिवसभर तीच मला देती. उठा, जावा, भाजी आणा!"

पाळकसाहेब हसले नाहीत. मला बाजूला घेऊन म्हणाले, "साळवेबंधू, मार्थाबाई पूर्वी फार सुंदर गायच्या म्हणे. आता त्या गीताचं पुस्तक उघडून उभ्या राहतात, पण तोंडातून सूर काढत नाहीत. कापणीच्या सणाला त्यांनी एकटीनं एक गीत म्हणावं. तेवढं तुम्ही करा."

मला हे नवीनच होतं! आमच्याकडे उपासनेला पुरुष एका बाजूला बसतात, बायका दुसऱ्या बाजूला. मला काय कळणार? (घरी तरी कळायला हवं होतं, असं तुम्ही म्हणाल. म्हणू नका.)

घरी मार्था भाकरी थापत होती.

"तू चर्चमध्ये गात का न्हाईस गं?"

तिचा हात थांबला. "आज कशी काय आठवण झाली?"

"पाळकसाहेबांनी विचारलं."

"एकानं सांगितलं होतं, तुझा आवाज म्हणजे पाण्याच्या मोटारीत हवा धरल्यागत हाय. तवापासनं सोडलं."

"कोण तो? नाव सांग!"

"आपल्यातलाच हाय. जाऊ द्या, भाकरी करपंल."

जाऊ द्या? माझ्या बायकोला कुणी मोटार म्हणतो आणि मी भाकरी खात बसू? माझं डोकं असं सणकलं, की मी चप्पल उलटसुलट घालूनच स्कूटरला लाथ मारली.

पहिला संशय बनसोडे सरांवर. सर शाळेतून निवृत्त झालेले, भवानी पेठेत राहतात आणि चर्चमध्ये तीसेक वर्षं पेटी वाजवतात. सुरातलं कळणारा मंडळीत हा एकच माणूस, म्हणजे नावं ठेवणाराही हाच! सर निवांत चहा पीत होते.

"सर, सूर कळतो म्हणून दुसऱ्याच्या बायकोला मोटार म्हणायचं?"

"कसली मोटार?"

"पाण्याची!"

"अहो साळवे, आमच्या नळालाच पाणी नाही. मोटार कुठून आणू?"

मी सगळा प्रकार सांगितला. (गल्लीनंही ऐकला.) सरांनी कप खाली ठेवला. "मी तुमच्या घरी तीन वेळा आलो होतो, मार्थाबाईंना गायला पाठवा म्हणून विनवायला. तिसऱ्या वेळी तुम्हीच म्हणालात, सर, हिला घरची कामं असतात."

इथं शहाणा माणूस गप्प बसला असता. पण शहाणा माणूस मुळात तिथं गेलाच नसता! मी म्हणालो, "मग तुमची पेटीच बेसूर असंल! तिला घाबरून गात नसंल ती!"

सर उठले. कोपऱ्यातल्या पेटीवर त्यांनी एक फडकं टाकलं, अगदी हळुवार, आजारी माणसाला पांघरूण घालावं तसं. "येत्या रविवारपासून मी वाजवणार नाही," ते म्हणाले.

बरं! एक नाव तर कमी झालं, असं मी स्वतःला सांगितलं आणि थेट एस्तेरमावशीचं घर गाठलं. मावशी माझ्या नात्यातली नव्हे, साऱ्या मंडळीची मावशी. वय पंचाहत्तरीच्या पुढं, रविवारच्या शाळेत पोरांना शिकवते, आणि तिच्या जिभेपुढं सुरी बोथट!

"मावशी, खरं सांगा. मार्थाला तुमीच बोललासा न्हवं?"

"आरं सुदाकर, मी लई जणांस्नी लई बोलले. लपवत न्हाय. पर मार्थीला कशाला बोलू? तिचं गाणं ऐकून माजं डोळं भरून यायचं."

"दुसरं कोण असणार? तुमच्या धाकानं तर पोरं रविवारच्या शाळेला यायची बंद झाली!"

आता मावशी मला फाडून खाणार, म्हणून मी पाय घट्ट रोवून उभा राहिलो.  मावशीनं नुसता पदर तोंडाला लावला. पदराआडून म्हणाली, "मला वाटायचं, पोरं मोठी झाली म्हणून येत न्हाईत."

तिथंच मी तिचे पाय धरायला हवे होते. मी काय केलं? दारातून वळून "मी त्याला शोधून काढीनच!" अशी गर्जना करून आलो.

मग मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं, "ज्या कुणी माझ्या घरच्या माणसाचा अपमान केला आहे त्याने रविवारच्या आत कबुली द्यावी. मला सगळे कळले आहे." (मला काडीचंही कळलं नव्हतं.)

आणि कबुलीजबाब सुरू झाले! एक काका फोनवर म्हणाले, "सुधाकर, तुझ्या पोरीच्या लग्नातला मसालेभात कच्चा होता, असं मी म्हणालो होतो. माफ कर." मी म्हणालो, "काका, ते न्हवं!" एका बाईंनी कळवलं, की मला 'भोंगा' हे नाव त्यांनीच ठेवलं. मला भोंगा म्हणतात हे मला त्या दिवशी कळलं! संध्याकाळपर्यंत सात जणांनी माफी मागितली आणि सातही जणांवर मी नव्यानं चिडलो. त्यांनी ते अपमान कधीचेच केले होते आणि मला पत्ता नव्हता! दोघांनी तर घाबरून ग्रुपच सोडला.

शनिवारी दुपारी पाळकसाहेब घरी आले. सोबत बनसोडे सर आणि एस्तेरमावशी. आठवड्यापूर्वी फसफसणारे पाळकसाहेब आता उघड्या राहिलेल्या सोड्यासारखे दिसत होते.

"साळवेबंधू, उद्या कापणीचा सण. सरांनी पेटी बंद केली, मावशींनी रविवारची शाळा सोडली. तुम्हाला मी फक्त एका माणसाला उत्तेजन द्यायला सांगितलं होतं हो!"

"तेच देतोय मी!" मी ओरडलो. "मार्था, बाहेर ये! ह्या तिघांसमोर त्याचं नाव सांग!"

मार्था बाहेर आली. हात पुसले. माझ्याकडं पाहिलं.

"तुमी."

"मी काय?"

"तुमीच म्हणाला होता. लग्न होऊन चार महिने झालते. तुमी रातपाळी करून आला होता, मी सकाळचं पाणी भरत गात होते. तुमी उशी कानावर दाबून म्हणालासा, बंद कर ती मोटार, हवा धरलीया. मग घोरायला लागलासा. उठल्यावर मला विचारलं, भाजी काय हाय."

मला त्यातलं एक अक्षर आठवत नव्हतं. आठवलं असतं तर निदान वाद घालता आला असता!

"अगं, थट्टेनं म्हणालो असंन..."

"थट्टा तुमी विसरलासा. मी न्हाय!" आणि मग जी बाई सव्वीस वर्षं खाली मान घालून बोलली, ती कडाडली. "आनि आता माझ्यासाठी म्हणून साऱ्या गावासंगं भांडताय? मावशीला रडवताय? हितं माझ्याजवळ बसून एकदा तरी विचारलं का, मार्था, तुला गावंसं वाटतंय का म्हणून?"

 मी म्हणालो, "चुकलं माझं." पण ते इतकं बारीक, की माझं मलाच ऐकू आलं नाही.

"मोठ्यानं बोल की," मावशी म्हणाली. "बोंबलताना आवाज होता न्हवं?"

मी मोठ्यानं बोललो. आधी मार्थाला, मग मावशीला, मग सरांना. शेजारीण गॅलरीत येऊन उभी राहिली. मग मी खाली बसलो आणि मार्थाला विचारलं, "तुला गावंसं वाटतंय का?"

 ती चहा टाकायला आत गेली. पण सर तिच्या मागोमाग स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले आणि विचारलं, "बाई, गाण्याला पेटीवर सूर काळी चारचा धरू की पांढरी पाचचा?"

रविवारी ती उभी राहिली. पुढं कापणीचं अर्पण म्हणून ज्वारीची कणसं, भोपळे, केळी मांडलेली. पहिलं कडवं निघालं, आणि देवाशपथ सांगतो, त्या आवाजाला मोटार म्हणणाऱ्या माणसाला मी चोपला असता! दुसऱ्या कडव्याला तिचा श्वास अडकला. गाणं थांबलं. सरांनी पेटीवर तो सूर तसाच धरून ठेवला. बायकांच्या बाजूनं एक चिरका, थकलेला आवाज उठला. एस्तेरमावशी! मग तिच्या शेजारची, मग पोरं, मग मसालेभातवाले काका. सगळ्यांनी मिळून तिला त्या ओळीच्या पलीकडं नेलं आणि पुढचं कडवं तिचं तिला देऊन ते गप्प झाले. मी रुमाल शोधत होतो.

घरी येताना मार्था स्कूटरवर मागं गुणगुणत होती. दारात उतरून तिनं विचारलं, "कसं झालं?"

आता कारखान्यात टॉवेल हातात आला, की आधी सुटलेला धागा शोधायचा, ही माझी नोकरीच आहे. मी म्हणालो, "लई भारी! फक्त त्या दुसऱ्या कडव्यात जरा..."

दुपारी मी सात रस्ता चौकातल्या खानावळीत जेवलो. तिथला वाढपी म्हणाला, "साहेब, घ्या की अजून एक भाकरी, संपवाल तुमी." त्या अख्ख्या महिन्यात मला मिळालेलं उत्तेजन ते एवढंच.