किती दिस निजू सांगा

“किती ते सांगतो. कधी ते विचारू नका.”

आमच्या सरांचं हे वाक्य साताऱ्यात आमच्या सगळ्या आळीला पाठ होतं. ते कॉलेजात संख्याशास्त्र शिकवत, मी भूगोल. एकाच घराच्या माडीवर आमच्या शेजारशेजारच्या खोल्या होत्या. दोघंही बिनलग्नाचे. मला त्याची खंत वाटे. सरांपुढे लग्नाचा विषय निघाला की ते चष्मा पुसायला घेत, आणि चष्मा पुसून होईपर्यंत समोरचा माणूस दुसऱ्या विषयावर गेलेला असे.

तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल, की ज्याला साधं हो किंवा नाही म्हणता येत नाही. आपण त्याची चेष्टा करतो. सर लबाडीनं किंवा भित्रेपणानं तसं बोलत नसत. त्यांना खरोखर जेवढं दिसे, तेवढंच ते सांगत.

एकदा उन्हाळ्याच्या अखेरीस घरमालकीणबाईंनी जिन्याखालून विचारलं, “सर, पापड घालू का वाळत? पाऊस नाही ना यायचा?”

सर थोडा वेळ विचार करून म्हणाले, “घाला. अशा दिवशी दहांत सात वेळा येत नाही.”

दुपारी धो धो पाऊस आला. अंगणात पापडांचा लगदा झाला. बाई जिन्याशी येऊन उभ्या राहिल्या. “तुम्ही तर येणार नाही म्हणालात.”

“मी सात वेळा म्हणालो. हा उरलेल्या तिनांतला.”

“मग माझे पापड?”

संध्याकाळी सर मंडईत जाऊन उडदाची डाळ घेऊन आले आणि काही न बोलता बाईंच्या ओट्यावर ठेवून वर निघून गेले.

कोयनेचं धरण भरायला लागलं आणि त्या खोऱ्यातून जमीन हलल्याच्या बातम्या येऊ लागल्या, ती ही वर्षं. लांब कुठेतरी सुरुंग उडावा तसा आवाज, मग भांडी वाजायची, की संपलं. साताऱ्यात कधीमधी जाणवे. खोऱ्यात मात्र लोकांच्या अंगवळणी पडलं होतं. मी भूगोलाचा माणूस. दख्खनचं पठार म्हणजे भक्कम खडक, असं मी मुलांना वर्षानुवर्षं सांगत आलो होतो. सरांनी मला विचारलं, “हे तुम्हाला कुणी सांगितलं?” मी म्हटलं, “पुस्तकानं.” ते म्हणाले, “पुस्तकाला किती वर्षांची माहिती होती?” आणि त्यांनी धक्के मोजायला सुरुवात केली.

त्यांनी मला ते एकदा समजावलं होतं. लहान धक्के पुष्कळ असतात, मध्यम थोडे, मोठे फार थोडे. हे उतरत जाणं बेशिस्त नसतं. एका विशिष्ट आखणीच्या कागदावर बिंदू मांडले तर ते जवळजवळ सरळ रेषेत येतात. मग पट्टी लावून ती रेष पुढे नेली, की जो मोठा धक्का अजून आलेला नाही, तोही किती वर्षांत एकदा यावा याचा अंदाज निघतो. तो कुठल्या वर्षी येईल, ते मात्र रेष सांगत नाही.

“आणि आपल्याकडे आहे चार-पाच वर्षांचा हिशेब,” ते म्हणाले. “पट्टी कागदाच्या बाहेर पार टेबलावर जाते. तिथं तिचं किती ऐकायचं, ते मलाही कळत नाही.”

यंत्रावरचे आकडे त्यांना एका ओळखीच्या अधिकाऱ्याकडून मिळत. पण यंत्रावर त्यांचं समाधान नव्हतं. माणसांना काय जाणवतं ते हवं होतं. म्हणून सुट्टीच्या दिवशी ते एस.टी.नं पाटणवरून पुढे खोऱ्यात जात, आणि बरेचदा मलाही ओढून नेत. तिथल्या एका वाडीत हिरामावशी भेटली.

मावशी वाडीच्या कडेला राहायची. घर म्हणजे कारवीच्या काटक्यांचा कूड, त्याला शेणमातीचं लिंपण, वर गवत. आत बुद्धाची एक तसबीर, तिच्याखाली मडक्यांची उतरंड. नवरा केव्हाच गेलेला. मुलगा शिवा पलटणीत होता आणि सून सखू तिच्याजवळ होती. वाडीतले बाकीचे लोक सरांना बघून हसत. जमीन हलली ते विचारत फिरणारा माणूस त्यांनी पाहिला नव्हता. मावशी हसली नाही. तिनं पहिल्याच दिवशी विचारलं, “तुमाला कशापायी पायजे ह्ये?”

“पुढं मोठा धक्का येईल का, ते बघायचंय.”

“मंग आमच्याच कामाचं हाय की,” असं म्हणून तिनं आम्हाला बसायला घोंगडं टाकलं.

त्यानंतर आम्ही गेलो की मावशी आधी धक्के सांगायची, मग चहा ठेवायची. “बुधवारी नुस्ती उतरंड वाजली. त्याच्या आदल्या दिशी शेरडं उठून हुबी ऱ्हायली, पर उतरंड गप हुती. त्यो तुमच्यात धरायचा का न्हाई, तुमी बघा.” सर मन लावून ऐकत. मी त्यांना कॉलेजात कुणाचं इतकं ऐकताना पाहिलं नाही. ते मूळचे शिराळ्याकडचे. मावशीपुढे त्यांची साताऱ्याची शुद्ध भाषा हळूहळू गळून पडे आणि ते तिच्यासारखंच बोलू लागत. मावशी त्यांच्या ताटात दोनदा भाकरी वाढायची आणि म्हणायची, “बाईल न्हाई ना घरात, मग खावा.” तिथं ते चष्मा पुसत नसत. खात.

एका खेपेला बघतो तर कुडाच्या शेजारी दगडांचा ढीग. मावशीचा चेहरा फुलला होता. शिवा रजेवर येऊन पाया आखून गेला होता. दगडी भिंतींचं, कौलारू, दोन खणी घर.

“आमच्या समद्या पिढ्या कुडात गेल्या,” ती म्हणाली. “दगडाचं घर आमच्यात कुणी बांदलं न्हाई. बांदू दिलं न्हाई म्हना. आता कोन आडीवतंय?” मग थोडं थांबून सरांकडे वळली. “मास्तर, तुमचा हिशेब काय म्हंतो? बांदू का नगं?”

“पुढच्या खेपेला सांगतो,” सर म्हणाले. तो सगळा आठवडा ते खोलीत पट्टी घेऊन बसले होते. जेवायला हाक मारली तरी उठत नव्हते.

पुढच्या खेपेला मावशी वाटच बघत होती.

“मावशी,” सर म्हणाले, “घर पडंल एवढा मोठा धक्का तुमच्या हयातीत यायची शक्यता लय कमी हाय.”

“लय कमी म्हंजी?”

“म्हंजी बहुतेक न्हाईच.”

“मंग बांदू?”

सरांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा दगडांकडे. “बांधा,” म्हणाले.

परतीच्या एस.टी.त त्यांनी तिकिटं काढली. मग मला विचारलं, “मी बहुतेक म्हणालो ना?”

“म्हणालात.”

“तिनं ऐकलं का ते?”

मी म्हटलं, ऐकलं असेल. खरं तर मावशीनं ‘बांधा’ तेवढंच ऐकलं होतं. कुणीही तेवढंच ऐकलं असतं.

घर झालं. तसबीर नव्या भिंतीवर गेली, उतरंड नव्या कोपऱ्यात. जुन्या कुडात शेरडं बांधली. मावशीनं आम्हाला पुरणपोळीचं जेवण घातलं आणि सरांना बळंच दारातून आधी आत जायला लावलं.

सदुसष्ट सालच्या पावसाळ्याच्या शेवटाला खोऱ्यात एक बऱ्यापैकी मोठा धक्का बसला. भिंतींना तडे गेले, माणसं घराबाहेर पळाली. सरांनी पुन्हा बिंदू मांडले. जुनी रेष आता बसेना. ती कलली होती. मोठे धक्के आधी वाटले होते त्यापेक्षा जवळ आले होते. त्यांनी तो कागद माझ्यापुढे धरला.

आम्ही पहिल्या एस.टी.नं वाडीत गेलो. सरांनी पायसुद्धा धुतले नाहीत. “मावशी, दिवसा कुठंबी बसा. पर रातच्याला त्या कुडात निजा. तुमी आनि सखू दोघी.”

मावशीला हसू आलं. “नवं घर सोडून शेरडांत निजू?”

“निजा. माझं ऐका.”

“तुमचं कवा ऐकलं न्हाई? निजते. किती दिस निजू सांगा. तेवढे दिस निजते.”

तिचा तो प्रश्न अगदी सरळ होता. त्यात थट्टा नव्हती, वाद नव्हता. सखू चुलीपाशी थांबून बघत होती. मीही बघत होतो. शेवटी सर म्हणाले, “त्ये मला सांगता येत न्हाई.”

“धा दिस? म्हैना?”

“न्हाई सांगता येत, मावशी.”

“बरं,” ती म्हणाली. “निजते.”

आणि ती निजली. आम्ही पुढच्या वेळी गेलो तेव्हा दोघींचं अंथरूण कुडातच होतं. सखूच्या अंगावर गोचिडांचे चट्टे उठले होते. त्याच्या पुढच्या वेळी गेलो तेव्हा थंडी पडली होती, कुडातून वारा येत होता, आणि अंथरूण नव्या घरात गेलं होतं. मावशीच ओशाळली होती. “लय दिस निजलो, मास्तर. काय बी झालं न्हाई. पोरगी खोकती.”

सर कशाच्या जोरावर बोलणार? आणखी निजा म्हणायला त्यांच्याजवळ तारीख नव्हती, नका निजू म्हणायला धीर नव्हता.

डिसेंबरात एका पहाटे तो धक्का बसला. साताऱ्यात आमची माडी नावेसारखी हलली. आम्ही बाकीचे अंगणात आलो तेव्हा सर बूट घालूनच उभे होते. रस्ते बंद, एस.टी. बंद, मदतीच्या एका ट्रकवर बसून सर आणि मी खोऱ्यात पोचलो तेव्हा ऊन वर आलं होतं.

वाडीतली दगडी घरं ओळीनं बसली होती. गडी माणसं दगड बाजूला करत होती. मावशीच्या घराजागी कौलं आणि दगड यांचा ढीग होता, आणि त्याच्या शेजारी जुना कूड उभा होता. थोडा कललेला, लिंपण गळालेलं, पण उभा. आत शेरडं पाला खात होती.

एक म्हातारा म्हणाला, “मास्तर, आलासा? या.” जणू कार्याला आल्यासारखं.

सर दगड उचलायला लागले. खडू धरणारी बोटं ती. थोड्या वेळात सोलून निघाली. कुणी त्यांना बाजूला केलं नाही. दुपारच्या सुमाराला दोघी सापडल्या, एकाच वाकळेखाली. सर कुडाच्या दाराशी जाऊन बसले आणि सगळं उरकेपर्यंत तिथून हलले नाहीत.

पुढचे काही आठवडे साताऱ्यात आमच्या जिन्यावर माणसांची रीघ लागली. भूकंपाचा अभ्यास करणारे एक सर आहेत, ही बातमी पसरली होती. वाणी आला, वकील आला, पोटुशी सून घेऊन एक सासू आली. सगळ्यांचा प्रश्न एकच. सर हात जोडून म्हणायचे, “मला सांगता येत नाही.” कुणा ज्योतिषानं अमावास्येला आणखी मोठा धक्का सांगितला, तेव्हा अर्धं गाव मैदानात जाऊन निजलं. त्या ज्योतिषाला नमस्कार मिळाले. आमच्या जिन्यावरची गर्दी आपोआप ओसरली.

मग शिवा आला. पलटणीची खाकी विजार, वर साधा सदरा. मी त्याला खुर्ची दिली. तो जमिनीवर बसला. चहा प्याला, कप स्वतःच विसळून ठेवला. मग म्हणाला, “आई मला म्हनली हुती, मास्तर हिशेब करून बोलल्यात, बांद.”

“व्हय,” सर म्हणाले. “मी म्हणलो हुतो.”

“मंग हिशेब चुकला का?”

सरांना खोटं बोलता आलं असतं. चुकला म्हणाले असते, तर त्या पोराला राग धरायला तरी जागा मिळाली असती, आणि सरांना माफी मागायला.

“न्हाई,” ते म्हणाले. “चुकला न्हाई.”

“मंग?”

“मग काय न्हाई.”

शिवानं मान हलवली. समजल्यासारखी नव्हे, नुसतीच. उठताना म्हणाला, “सरकार पत्रे देतंय. आता कुटं बांदू, त्ये तरी सांगा.” सरांनी चष्मा पुसायला घेतला. तो दारात थोडा वेळ थांबला. “बरं, येतो सर,” म्हणाला आणि जिना उतरून गेला.

त्या वर्षी शक्यतेचा धडा सरांनी शिकवला नाही. माझा वर्ग शेजारीच होता. त्यांनी फळ्यावर फाशांचं उदाहरण लिहिलं, तास संपेपर्यंत फळ्याकडे तोंड करून उभे राहिले, आणि पोरं एकेक करून निघून गेली. परीक्षा आटोपल्यावर त्यांनी राजीनामा दिला. मालकीणबाईंनी “का हो जाता?” म्हणून विचारलं, तर म्हणाले, “इथं लोक विचारतात.”

ते शिराळ्याला जाऊन एका शाळेत लहान मुलांना अंकगणित शिकवू लागले. एकोणसत्तरच्या सुमाराला मी सांगलीला कामासाठी गेलो होतो, तेव्हा वाट वाकडी करून त्यांना भेटायला गेलो. शाळा जुनी, दगडी भिंतींची. सर वाळले होते. मला मागच्या बाकावर बसवून त्यांनी पाढे चालू ठेवले. मधल्या सुट्टीत बोलू, म्हणाले. मी मनात विषय जुळवत होतो. त्यातले निम्मे काढता येण्यासारखे नव्हते.

चौदाचा पाढा चालला होता. आधी तो आवाज आला, लांबचा. मग बाकं थरथरली, आढ्यातून माती गळली. खोऱ्यातले धक्के अजून थांबले नव्हते, आणि पोरांना ते माहीत होतं. सगळी पोरं एका झटक्यात दाराबाहेर. त्यांच्यामागे मीही. अंगणात येऊन वळून बघतो तर सर बाहेर नव्हते.

दारातून ते दिसत होते. खुर्चीत बसलेले, हात मांडीवर, मान जराशी वर केलेली, समोरच्या दगडी भिंतीकडे बघत. मी हाका मारल्या. पोरांनी मारल्या. जमीन थांबली तरी ते तसेच बसून होते.

बऱ्याच वेळानं त्यांनी दाराकडे पाहिलं. “या आत,” म्हणाले. “झालं.”

पोरं पाय पुसून आत जायला लागली. मी अंगणातच उभा राहिलो.