माधवरावांनी उजळलेले बारा फोटो

वेलचेरी स्टेशनच्या मागच्या गल्लीत माधवरावांचा फोटो स्टुडिओ आहे. माणूस सत्तरीला टेकलेला, तंजावरच्या मराठी घरातला. घरी मराठी, गिऱ्हाइकाशी तमिळ आणि संगणकाशी भांडताना दोन्ही. मी पुण्याहून पेरुंगुडीच्या कंपनीत आले तेव्हा पासपोर्टच्या फोटोसाठी त्यांच्याकडे गेले. मी आईशी फोनवर बोलत होते, ते ऐकून म्हणाले, "तुम्ही अस्के कोठचे गे?" अस्के म्हणजे सगळे. त्यांच्या मराठीचं मला हसू आलं, माझ्या मराठीचं त्यांना. तेव्हापासून ते माझे काका.

त्यांचं कौतुक आधी लिहून टाकते, कारण पुढचं लिहिताना माझा तोल राहील याची खात्री नाही.

जुन्या महाबलीपुरम रस्त्यावरच्या कॉलेजांत आफ्रिकेतली बरीच मुलं शिकतात. व्हिसाच्या फोटोला ती काकांकडे येत. घरमालक त्यांना खोली नाकारायला दहा सबबी सांगत. काका खुर्ची पुढे करत. एकाने स्टुडिओतल्या दिव्यांबद्दल विचारलं आणि त्यातून रविवार सकाळचा वर्ग उभा राहिला. युगांडा, सुदान, टांझानिया, आठ-नऊ जण. फी नाही. कोणाचं चुकलं की काका ओरडत, "अय्यो, डोळे कोठे ठेवून आलास?" आणि लगेच कॉफी मागवत. मुलांचे अर्ज आणि ई-मेल लिहायचं काम माझ्याकडे.

त्यांच्यातली नाकातो सगळ्यांत पुढची. युगांडाची, चोवीस वर्षांची, बोलायला कमी, बघायला तिखट. दोन वर्षं तिने इथल्या आपल्याच माणसांचे फोटो काढले: गॅलरीत मैत्रिणीची वेणी घालणारी ग्रेस, रविवारच्या प्रार्थनेआधी इस्त्री करणारा इंजिनिअर, मंडईतून आणलेली कच्ची केळी सोलणाऱ्या दोघी. कंपालातली एक संस्था दर वर्षी आफ्रिकेतल्या सहा नवख्या छायाचित्रकारांना निवडते आणि वर्षभर एकेका जाणत्या कलाकाराच्या हाताखाली ठेवते. वयाची अट पंचविसाच्या आत. नाकातोचं हे शेवटचं वर्ष. निवड झाली नाही तर जूनमध्ये व्हिसा संपल्यावर गावी भावाच्या मोबाइल दुकानात बसायचं, हे घरात ठरून गेलं होतं. "मला तिथे बसवलं तर मी मरेन," असं तिने मला एकदा अगदी साध्या आवाजात सांगितलं होतं.

संस्थेला बारा फोटो कागदावर छापून हवे होते. नाकातोची शेवटची परीक्षा नेमकी मुदतीच्याच आठवड्यात. तिने फोटो पेन ड्राइव्हवर काकांना दिले आणि म्हणाली, "सर, तुम्ही छापाल तसे."

आता काकांची चाळीस वर्षं काय होती ते सांगायला हवं. स्थळांसाठी मुलींचे फोटो. दारातून आत येतानाच आई म्हणायची, "कलर कोंजम एत्तुंगो," म्हणजे रंग जरा चढवा, गोरा करा. आधी काका ब्रशने चढवत, मग माउसने. कोणी सांगायचीही गरज उरली नव्हती. चेहरा समोर आला की हात आपोआप तिकडे जाई. त्यांच्या लेखी चांगला फोटो म्हणजे उजळलेला चेहरा, आणि आवडत्या माणसासाठी तर अंमळ जास्तच.

नाकातो आवडती. काकांनी तीन दिवस दुकान अर्धं बंद ठेवून बारा फोटोंमधला एकेक चेहरा उजळला. गुरुवारी मी अर्ज भरायला गेले तेव्हा प्रती टेबलावर मांडल्या होत्या. काका म्हणाले, "कशी आलीत गे?" मी म्हणाले, "वा काका, काय खुललेत चेहरे!"

हे मी म्हणाले. दुसऱ्या कोणी नाही.

प्रती त्याच संध्याकाळी कुरिअरने गेल्या. एप्रिलमध्ये उत्तर माझ्याच ई-मेलवर आलं. चौकट, प्रकाश, नजर, सगळं उत्तम. पण या छायाचित्रकाराला आपल्याच माणसांच्या कातडीची लाज वाटते असं दिसतं, आणि अशा व्यक्तीला आम्ही घेऊ शकत नाही.

नाकातोने ते दोनदा वाचलं. "मला लाज वाटते?" तिने विचारलं. काकांनी खणातून उरलेल्या प्रती काढून दिल्या. तिने त्या पहिल्यांदाच पाहिल्या. वेणी घालणाऱ्या मुलीपाशी ती थांबली. "ही ग्रेस नाही," ती म्हणाली आणि खाली बसली. काका उभेच. "मी चांगलं करायला गेलो," ते तमिळमध्ये, मग इंग्रजीत, मग मराठीत म्हणत राहिले. मला त्यांचा भयंकर राग आला आणि त्याहून जास्त स्वतःचा.

मी तीन ई-मेल लिहिले, मूळ फोटो जोडले. काकांनी स्वतःच्या अक्षरात पत्र लिहिलं: चूक माझी, मुलीची नाही, मला शिक्षा करा. संस्थेकडून सभ्य उत्तर आलं. सहा जणांची नावं जाहीर झाली होती.

जाण्याआधीच्या रविवारी नाकातो निरोप घ्यायला आली. काका म्हणाले, "एक फोटो काढू दे." तिने होकाराची मान हलवली. त्यांनी दिवे लावले, वेळ घेऊन फोटो काढला, संगणकावर उघडला. मग माउस सोडला आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले. पडद्यावर तिचा चेहरा होता तसा होता. काका बराच वेळ पाहत राहिले, त्यांचे डोळे भरले.

"मजला अजून काळोखच दिसतो गे," ते हळूच म्हणाले. "काय करू?"

"सर काय म्हणाले?" नाकातोने मला विचारलं.

"छान आलाय म्हणतात," मी म्हणाले.

तिला मराठी येत नव्हतं. ती फक्त काकांच्या चेहऱ्याकडे बघत होती, आणि चेहरे तिला आमच्या दोघांपेक्षा चांगले कळत होते.